वीसपर्यंत

भिकुबाई उताराच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली.

"पाय पुढं करून माझ्या पोऱ्याले नेऊ देनार नही," ती म्हणाली. "तसं मेलेल्या मानसाले नेतात."

स्ट्रेचर थांबलं. त्यावर तिचा योगराज होता, सव्वीस वर्षांचा. तीन दिवसांपूर्वी सावद्याला केळीचे घड भरताना तो ट्रकवरून डोक्यावर पडला होता. जळगावच्या या दवाखान्यात आणल्यापासून त्याने डोळे उघडले नव्हते. आज दुपारी त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली. डॉक्टरांनी ताबडतोब मेंदूचा स्कॅन सांगितला आणि यंत्र मोकळं करून घ्यायला ते स्वतः तळमजल्यावर धावले. लिफ्टमध्ये एवढं लांब स्ट्रेचर मावत नव्हतं. दोन मजले उतारावरूनच उतरायचे होते.

दिपमाला सिस्टर त्याच्या डोक्याशी उभी होती. त्याच्या घशातल्या नळीला जोडलेला रबरी फुगा ती हाताने दाबत होती. ती दाबायची, त्याची छाती वर यायची. सध्या तोच त्याचा श्वास होता.

"मावशी, बाजूला व्हा. आपल्याला थांबायला वेळ नाहीये."

"मग फिरवा ना गाडी," भिकुबाईचा भाऊ रुपचंद म्हणाला. "डोकं पुढं घ्या. तुमचं काय जातं?"

स्ट्रेचर मागून धरलेला मगन या दवाखान्यात बावीस वर्षं पेशंट नेत होता. तो आवाज न चढवता म्हणाला, "भाऊ, हा उतार आहे. डोकं पुढे घेतलं तर ते खाली जाईल. मार डोक्यालाच आहे. आतला दाब वाढेल. म्हणून पाय खाली, डोकं वर."

रुपचंदला ते पटलं नाही; त्याने मान झटकली. भिकुबाई हलली नाही. ती ऐकतच नव्हती. चादरीतून बाहेर आलेल्या दोन तळव्यांवर तिची नजर खिळली होती.

मगनने ते पाहिलं. चालत्या स्ट्रेचरजवळ नातेवाईक येऊ द्यायचा नाही, हे नव्या माणसांना तोच शिकवायचा. स्ट्रेचरची पुढची बाजू धरलेल्या वना नावाच्या जोडीदाराला त्याने गाडी घट्ट धरायला सांगितलं. मग भिकुबाईचं मनगट धरून त्याने तिला सिस्टरच्या समोर, योगराजच्या उशाशी आणून उभं केलं.

"ताई, मोजता येतं?"

"वीसपर्यंत येतं."

"पुष्कळ झालं. छाती वर आली की एक. परत आली की दोन. वीस झाले की पुन्हा एकपासून. आली नाही तर ओरडायचं. पायांकडे बघायचं नाही, माझ्याकडेही नाही."

सिस्टरने मगनकडे रागाने पाहिलं. पण ती एवढंच म्हणाली, "मोठ्याने मोजा, मावशी."

भिकुबाईने पदर कमरेला खोचला. "एक," ती म्हणाली.

खालची वाट मोकळी करायला रुपचंद पुटपुटत जिन्याने उतरला. स्ट्रेचर हळूहळू निघालं. वना पुढून गाडी अडवत मागे मागे पावलं टाकत होता. मगनने सगळा भार मागे ओढून धरला होता. पहिल्या वळणापर्यंत भिकुबाईचे वीस दोनदा झाले.

वळणावर फरशी फुटली होती. चाक तिच्यात बसलं आणि जोराचा हिसका बसला. सिस्टरने चटकन वाकून ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा पाहिला.

"तेरा. चौदा." भिकुबाई थांबली. मग तिचा आवाज फाटला. "पंधरा आला नही! बाई, पंधरा आला नही!"

नळीपासून फुगा सुटला होता. सिस्टरने तो जोडला आणि दाबला. उतारावर अडलेल्या गाडीच्या भाराने मगनचे दंड थरथरत होते. छाती तशीच होती. सिस्टरने जोड पुन्हा घट्ट केला, पुन्हा दाबला.

छाती वर आली.

"पंधरा," भिकुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिने हात उचलला नाही.

खाली स्कॅनच्या खोलीचं दार उघडं होतं. डॉक्टर दारात उभे होते. रुपचंदने गावाकडच्या माणसांना भिंतीशी सरकवलं होतं. उताराच्या शेवटच्या वळणावरून आधी वनाची पाठ दिसली, मग योगराजचे तळवे. माणसांत कुजबुज झाली. एका बाईने तोंडाला पदर लावला.

"अक्का!" रुपचंद ओरडला. "पायच पुढं आनले यायनी! अन् तू नुसती पाहत ऱ्हायली?"

भिकुबाईने मान वर केली नाही.

"गप ऱ्हाय," ती म्हणाली. "अकरा."