रोज एक मजला जास्त

सून जिममध्ये शिकवायची, त्यामुळे सासूबाईंची घरीही सुटका नव्हती. साखर बंद, दुपारची झोप बंद आणि आता लिफ्टही बंद.

"रोज एक मजला जास्त चढायचा, आई. दमलात की तिथून पुढे लिफ्ट. सातव्यावर आपलं घर, त्याच्यावर नुसतं आभाळ. घरापर्यंत चढून आलात की शंभरी नक्की!"

"जीव घेशील गं माझा," म्हणत सासूबाई चपला घालून डावा पाय किंचित ओढत निघायच्या.

तिसऱ्या मजल्यावर दम खायला म्हणून पायरीवर बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

महिन्याभराने एका संध्याकाळी सून भाजी चिरत होती. जिन्यातून चपलांचा आवाज आला. डावा पाय किंचित ओढत चालल्याचा. सोबत मोठी धाप. आवाज चौथ्या मजल्यावर येऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी पाचव्यावर. धाप जरा कमी होती.

"तुला ऐकू येतंय का रे?"

नवऱ्याने टीव्ही बारीक केला. "काय? काहीच तर नाही."

तिसऱ्या दिवशी सहाव्यावर.

चौथ्या दिवशी तिने दाराला कडी घातली, वर खुर्चीही टेकवली. पावलं सरळ दाराशी आली. धाप अजिबात नव्हती.

"अगं, उघड की!" बाहेरून खणखणीत आवाज आला. "तू म्हणालीस तस्संच झालं बघ. आता मुळीच दम लागत नाही. चल, तूही चल."

"कुठे, आई?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"वर. अजून पुष्कळ मजले आहेत."