पडद्यामागची पलटण

लढाईवरच्या नाटकाच्या तालमीला असा काही रंग चढला होता, की लेखिकेला आनंदाने खुर्चीत बसवेना. पडद्यामागून पलटण चालत येत होती आणि बुटांच्या तालावर रंगमंचाच्या फळ्या थरथरत होत्या.

"शाब्बास रे! चौघांनीच अख्खी पलटण उभी केलीत!"

"कुणी, ताई?" तिच्या पाठीमागच्या दारातून चौघे नट आत आले. हातात चहाचे कप, पायात चपला.

बूट वाजतच होते. तेव्हा तिला आठवलं, नाटकात तिने ‘चाल पुढे’ लिहिलं होतं, पण थांबायचा हुकूम लिहायलाच ती विसरली होती.

"पलटण, थांब! विश्राम!" ती कशीबशी ओरडली.

सगळ्या टाचा एकदम थांबल्या. मग पडद्यामागून एका थकलेल्या आवाजाने विचारलं,

"म्हणजे संपली लढाई, बाई?"