चपटं हेल्मेट

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला संशोधन करणारी मृण्मयी २००५ साली ट्रूस आजींकडे महायुद्धाच्या आठवणी रेकॉर्ड करायला गेली. आजींनी कपाटातून थाळीसारखं चपटं हेल्मेट काढलं. "चव्वेचाळीसमध्ये आमच्याकडे उतरलेल्या अमेरिकन सैनिकाकडचं हे."

मृण्मयीला शंका आली. असली जुनाट हेल्मेटं अमेरिकनांनी युद्धाच्या सुरुवातीला वापरली होती. चव्वेचाळीसपर्यंत सगळ्यांना नवी, खोल हेल्मेटं मिळाली होती. जुन्या बाजारातली वस्तू दाखवून आजी थाप मारतायत, असंच तिला वाटलं. तिने रेकॉर्डर बंद केला.

"आजी, तो खरंच हे घालायचा?"

"छे! त्याच्या डोक्यावर नवंच होतं. हे त्याच्या थोरल्या भावाचं. तो एक्केचाळीसमध्ये हवाई बेटांवरच्या जपानी हल्ल्यात मारला गेला. हा ते पाठपिशवीत घेऊन फिरायचा. जर्मनीकडे निघाला तेव्हा माझ्याकडे देऊन म्हणाला, परतताना नेतो."

"मग?"

आजींनी जपून ते पुन्हा कापडात गुंडाळलं.


"मुलगी म्हणते, घर विकून माझ्याकडे राहायला ये. पण त्या पोराला हाच एक पत्ता माहीत आहे."