बॉनेटवर तीन ठोके

परळच्या चाळीमागे वरदची जुनी गाडी वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती. वरद गेल्यालाही तेवढेच दिवस झाले होते. आज ती विकत घ्यायला एक माणूस एकटाच आला होता, पण इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय तो व्यवहार करणार नव्हता.

कालिंदीताईंना गाडी चालवता येत नव्हती. पण दर रविवारी वरद कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळत बसायचा, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय आईचाच असायचा. उघड्या बॉनेटमुळे तो दिसायचा नाही, म्हणून मायलेकांनी खूण ठरवली होती. एक ठोका म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे झालं आई, बंद कर.

त्या माणसाने सोबत आणलेली बॅटरी जोडली आणि बॉनेट तसंच उघडं ठेवून तो खिडकीशी आला. "हं काकी, मारा चावी."

इंजिन खोकलं, अडखळलं. बॉनेटवर एक ठोका पडला.

कालिंदीताईंचा पाय आपसूक दाबला गेला. मग दोन ठोके. त्यांनी पाय सैल केला, आणि वरदला जन्मात साधला नव्हता असा एकसंध सूर इंजिनाने धरला.

मग तीन ठोके पडले.

त्यांनी चावीला हात लावला नाही. इंजिन थांबलं की वरद जाणार, एवढंच त्यांना कळत होतं. पुन्हा तीन ठोके पडले, जरा घाईचे.

माणूस खिडकीपासून दोन पावलं पुढे सरकून बॉनेटखाली बघत होता.

"काकी, बंद करा हो," तो कळवळून म्हणाला. "तुमच्या पोराचा हात भाजतोय."