अजून शंभर फूट
अडीचशे फुटांवर बोअरला पाणी लागलं, तशी मुडबी गावच्या शेतात सगळ्यांची तोंडं उजळली. शेतमालक धनराजचं समाधान मात्र झालं नाही. "अजून शंभर फूट जाऊ द्या, अण्णा," तो मशीनवाल्याला म्हणाला. ते ऐकून त्याची बायको रेणुका पुढं आली. मागच्या साली वरच्या शेतात असंच लागलेलं पाणी त्याच्या हावेपायी खालच्या भेगेत कायमचं गडप झालं होतं. तेव्हा ती गप्प बसली होती. आज तिनं मशीन बंद करून चावी कमरेला खोचली. "कामून बंद केलीस? अजून पाणी लागंल की!" धनराज ओरडला. "हाय तेवढं तुरीला, गुरांना पुरतंय. चावी पायजे तर माझा हात मोडा." धनराजची नजर वरच्या शेताकडं गेली. मग मान खाली घालून तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, अण्णा." रेणुकानं अण्णांना चावी दिली, पण मशीन बांधापार जाईपर्यंत ती बोअरपासून हलली नाही.