चौदाव्या पावलाचा खांब

चौदाव्या पावलाला कॅप्टनचा उजवा खांदा आपोआप आत वळला, पाऊल निम्मंच पडलं, आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की इथे खांब नाही.

खांब होता तो त्यांच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे भिंतीला सरकवून उरलेल्या जागेत त्यांचा कराटे क्लब चालायचा, आणि त्या जागेच्या बरोबर मधोमध तो ठाण मांडून उभा. चौदावं पाऊल पूर्ण टाकलं की खांदा थेट त्याच्यावर आदळायचा. म्हणून पुढची कॅप्टन अर्धं पाऊल टाकून खांदा चोरायची, आणि तिघींचा त्रिकोण मोडू नये म्हणून मागच्या दोघीही तेवढंच पाऊल चोरायच्या. मागच्या दोघी म्हणजे चणीने लहान आणि तोंडाने तिखट अशी लवंगी, आणि चष्मा काढला की भिंत आणि दार यांत फरक न कळणारी चष्मा. हे असं तीन वर्षं चाललं होतं.

इथला हॉल मात्र मैदानाएवढा होता. अंतिम फेरी. भोवती पाच पंच, प्रत्येकाच्या हातात एक लाल आणि एक निळं निशाण. वरच्या बाकावर त्यांचे क्रीडा संचालक हाताची घडी घालून बसलेले. "सुवर्णपदक आणा, नाहीतर तळघर रिकामं करा," असं त्यांनी सांगून टाकलं होतं. ग्रंथालयाला गठ्ठे ठेवायला जागा कमी पडत होती.

काता म्हणजे समोर नसलेल्या शत्रूंशी, ठरलेल्या क्रमाने केलेली लढाई. समोर नसलेल्या खांबाशी कसं वागायचं, ते मात्र कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

मास्तरांनी बजावलं होतं. मास्तर म्हणजे विद्यापीठाचे वायरमन. दिवसभर शिडीवर, संध्याकाळी तळघरात. आठवडाभर त्यांनी तिघींना गाड्या लावायच्या जागेत नेऊन ते पाऊल पूर्ण टाकायला शिकवलं होतं, आणि आज सकाळीही म्हणाले होते, "बाकी सगळं लक्षात ठेवा, पोरींनो. खांब तेवढा विसरा." आता एखादी गोष्ट विसर म्हटल्यावर ती कुणी विसरलंय का? त्यात जित्याची खोड.

मेले, कॅप्टनच्या मनात आलं. तोंडचं पाणीच पळालं. मागे वळून बघायची सोय नाही. त्या दोघींनी मास्तरांचं ऐकलं असेल तर त्रिकोण केव्हाच फिसकटला होता. तीन वर्षं दोघींना धाक घालणारी ती, आणि ऐन वेळी माती खाल्ली ती तिनेच!

मग तिला जाणवलं. पूर्ण पाऊल पडायला अर्ध्या पावलापेक्षा जास्त वेळ लागतो. दोघी पूर्ण गेल्या असत्या, तर तिच्या मागोमाग आणखी एक आवाज यायला हवा होता.

आवाज एकच झाला होता. धप्प.

तिघींनीही खांब चुकवला होता.

कॅप्टनचा जीव भांड्यात पडला, आणि नुसता पडला नाही, तिथून उसळून वर आला. त्यानंतर त्या तिघींना कुणी थांबवलं असतं तर ते नवलच. वळण, ठोसा, लाथ, तिन्ही अंगांना जणू एकच हाड. शेवटच्या आरोळीला वरच्या बाकांवरची कुजबुज बंद पडली.

काता जिथून सुरू होतो तिथेच संपायला हवा. कॅप्टनने नजर खाली न करता पाहिलं. जमिनीवरची सुरुवातीची पिवळी पट्टी तिच्या पायांपुढे चांगली हातभर दूर राहिली होती. आधी खेळलेला, कमरेला निळे पट्टे बांधलेला संघ, मागच्या वर्षीचा विजेता, बरोबर त्या पिवळ्या पट्टीवर अंगठे टेकवून थांबला होता. पण उडीनंतर त्यांच्यातली तिसरी एक श्वास उशिरा टेकली होती, हेही तिने बघितलं होतं.

शिट्टी वाजली. पहिलं निशाण वर गेलं.

"कुठला रंग गं?" चष्मा ओठ न हलवता म्हणाली.

"निळा. गप उभी राहा," लवंगी पुटपुटली. मग तिचा आवाज बदलला. "लाल. अगं, लाल. लाल! चष्म्ये, चार लाल!"

या तिघींच्या कमरेच्या पट्ट्यांचा रंग लाल होता. वाकून नमस्कार करायचा असतो हे तिघींनाही नंतर आठवलं. आधी मिठी झाली, आणि त्या मिठीत मास्तर कधी येऊन अडकले ते त्यांनाही कळलं नाही.

पदकं गळ्यात घालताना मुख्य पंचांनी कॅप्टनला हळूच विचारलं, "मधे तिघींनी एकदम कुणाला वाट करून दिलीत?"

"खांबाला, सर."

"इथे कुठे खांब आहे?"

"आमच्याकडे आहे."

पंचांनी हॉलच्या मोकळ्या मधल्या जागेकडे एकदा वळून पाहिलं.

तेवढ्यात क्रीडा संचालक पायऱ्या उतरून आले. हाताची घडी सुटली होती, चेहरा फुलला होता. "आता तळघर विसरा! नवा हॉल देतो तुम्हाला. लाकडी फरशी, मोठ्या खिडक्या. आणि मधे एकही खांब नाही!"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मास्तर वर दिव्यांकडे बघत होते.

"नको, सर," कॅप्टन म्हणाली. "तळघरच राहू द्या. खांबाला तेवढा रंग मारून द्या."