तिसरी शिटी

बसा भाऊ, सुरतेच्या लिंबायतातल्या दोन माणसांची गोष्ट सांगतो. दोन हजार तेवीस सालची. आशियातल्या देशांची फुटसालची स्पर्धा होती, म्हणजे बंद हॉलातला पाच-पाच जणांचा फुटबॉल. भारताच्या संघाची निवड सुरतेला होती, आणि आमच्या लूमवरचा, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावरचा, योगेंद्र शेवटच्या आठांत पोचला होता. सोबत त्याचा काका सुकदेव. त्याच लूमवर वीस वर्षं घासलेला. पोरगं एकदा देशाकडून खेळलं की या खडखडाटातून सुटलं, एवढंच त्याच्या डोक्यात.

योगेंद्रनं दोघांना चकवलं आणि दणकून गोल मारला. सुकदेव नाचायलाच लागला. तेवढ्यात निवडीचे साहेब तावातावानं योगेंद्रसमोर येऊन उभे राहिले.

"तीन बार सीटी मारी! रुकता क्यूं नहीं? बाहर निकल!"

योगेंद्र काकाकडे बघतच राहिला. सुकदेव कठडा ओलांडून आत घुसला.

"खोटं नका बोलू साहेब! शिटी वाजनीच नही! मी काय बहिरा शे का?"

साहेबांनी शिटी तोंडात धरली आणि त्याच्या नाकासमोर जोरात फुंकली. आजूबाजूच्यांनी कानांवर हात ठेवले. सुकदेवला फक्त साहेबांचे फुगलेले गाल दिसले.

लूमवर सगळे ओठ बघूनच बोलतात भाऊ, कान कधी जातात ते कळतच नाही. दोघं अजून तिथंच आहेत, माझ्या शेजारच्या लूमवर.

आता काही विचारायचं असेल, तर जरा माझ्याकडे तोंड करून विचारा.